जाणूनबुजून



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर सूनबाईने कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. आता डोळा ठीक आहे, पण आज लिहायचा विषय काही हलकाफुलका नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्यासमोर एक कागद आहे. २००३ सालचा. फुलस्केप, कार्बन कॉपी, घड्या पडून मधे फाटायला आलेला. "कारणे दाखवा नोटीस" असं वर लिहिलंय. खाली सही मुख्याध्यापकांची आहे, पण अक्षर माझं आहे. शाळेत मी पर्यवेक्षक होतो, मराठी घेऊन बी. ए. झालेला, अक्षर वळणदार, त्यामुळे शाळेचा कुठलाही महत्त्वाचा पत्रव्यवहार माझ्याच गळ्यात पडायचा. (खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.) त्या नोटिशीत एक वाक्य आहे. आपण जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करीत असल्याचे निदर्शनास आले आहे, अशा अर्थाचं. "जाणूनबुजून" हा शब्द मुख्याध्यापकांनी सांगितला नव्हता. तो मी घातला. त्याशिवाय वाक्याला वजन येत नव्हतं!

ही नोटीस ज्यांना दिली ते आमचे गणिताचे सर. नाव लिहीत नाही. त्यांची मुलं आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत, नातवंडं आहेत. आमच्या बॅचचे जे कोणी वाचत असतील ते ओळखतीलच.

सर माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. १९७५ साली अंबड तालुक्यातल्या आमच्या शाळेत लागले. फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढायचे, आणि ते इतकं गोल की मुलं मागच्या बाकावरून टाळ्या वाजवायची. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी सगळं तोंडपाठ. मोंढ्यातले अडते सुद्धा हिशोब अडला की सरांना हाक मारायचे. आणि दर जून महिन्यात शाळेचं वेळापत्रक तेच करायचे. अठरा तुकड्या, सव्वीस शिक्षक, त्यात अर्धवेळ चित्रकला, शिवाय कोणाला शेवटचा तास नको कारण एसटी चुकते. हे सगळं ते एका संध्याकाळी, चहाच्या दोन कपांत, शिसपेन्सिलीने एका कागदावर बसवायचे.

२००२ च्या जूनमध्ये वेळापत्रक लागलं आणि पहिल्याच सोमवारी मी एकाच वेळी आठवी 'ब' आणि दहावी 'अ' मध्ये होतो. आम्ही हसलो. सर पण हसले. दुरुस्त करायला घेतलं, तर दुरुस्तीत आणखी तीन चुका. शेवटी ते मीच पूर्ण केलं. तेव्हा सरांचं वय ५१.

पुढचं एक वर्ष मी आता आठवतो तेव्हा सगळं इतकं स्पष्ट दिसतं, की वाटतं आपण आंधळे होतो का काय. घटक चाचणीच्या गुणांची बेरीज चुकायला लागली. दुसरी-तिसरीतली बेरीज हो, हातचा धरायची. एकदा अंबडहून जालन्याला मीटिंगला निघालेले सर गोलापांगरीच्या स्टँडवर स्कूटर लावून उभे होते. आमच्या शिपायाने बघितलं. ते एका पोराला विचारत होते, जालना कोणीकडे? सत्तावीस वर्षं त्या रस्त्याने ये-जा केलेला माणूस! शिपायाने शाळेत येऊन सांगितलं आणि स्टाफरूममध्ये निष्कर्ष निघाला, सर प्यायला लागले. गावाचा निष्कर्ष वेगळा होता. बाहेरचं झालंय. कोणी करणी केली. आमच्या भागात भानामतीची अक्कल अजून पुरती गेलेली नाही, तेव्हा तर नव्हतीच. वहिनी त्यांना एका दर्ग्यावर घेऊन गेल्या, मग एका देवऋष्याकडे. त्याने कोंबडं आणि अकराशे रुपये घेतले.

मग एके दिवशी नववीतल्या एका मुलाने फळ्यावरची चूक दाखवली आणि सरांनी त्याच्या कानफटात मारली. सरांनी! ज्यांनी छडी कधी हातात धरली नाही. पालक आले, ओरडाआरडा झाला, संस्थेपर्यंत गेलं. आणि मी तो मसुदा लिहिला.

त्याला सरांचं उत्तर आलं चार दिवसांनी. आम्ही उघडून बघितलं तर सरांनी आमचीच नोटीस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढली होती आणि खाली सही केली होती. बस. मुख्याध्यापक लालबुंद झाले. सगळ्यांना वाटलं हा उद्धटपणा आहे, आपली टिंगल केली. मलाही तसंच वाटलं. माझ्या मसुद्याची टिंगल केली म्हणून जरा जास्तच राग आला असेल.

२००४ मध्ये सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. "घेतली" म्हणायचं. अर्ज वहिनींनी आणि त्यांच्या भावाने लिहिला, सरांनी सही केली. पूर्ण पेन्शनला तेव्हा ३३ वर्षं सेवा लागायची, सरांची २९ भरत होती. मुलगा पॉलिटेक्निकला, मुलगी दहावीत, घराचं कर्ज अर्धं बाकी. निरोप समारंभ झाला नाही.

जालन्यातल्या एका डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. शेवटी २००५ मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, एमआरआय काढला, आणि सरांना घड्याळ काढायला सांगितलं. नुसतं वर्तुळ, त्यात बारा आकडे आणि दोन काटे. वर्तुळ सरांनी सुरेख काढलं म्हणे. आकडे सगळे उजव्या बाजूला गर्दी करून बसले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते वहिनींनी एसटीच्या तिकिटामागे लिहून आणलं. "अलझायमर".

आपल्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. त्या म्हणीनेच आमचा घात केला असं मला वाटतं. विसरायचं ते साठीनंतर, हे डोक्यात इतकं पक्कं की एक्कावन्नाव्या वर्षी कोणी विसरायला लागला तर तो आळशी, दारुडा, नाहीतर झपाटलेला. आजारी हा पर्याय यादीतच नाही.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), या आजाराची पहिली नोंदलेली रोगीच एक्कावन्न वर्षांची होती. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर नावाची एक बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. तिला तपासणारे डॉक्टर होते आलोईस अल्झायमर. ते तिला रोज साधे प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवत. तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर "श्रीमती" एवढं लिहून थांबायची, पुढचं हरवायचं. १९०६ मध्ये ती गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्यात दिसलेल्या गाठी आणि गुंते त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या एका सभेत मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन नावाच्या मोठ्या डॉक्टरांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. तिची मूळ फाइल अनेक वर्षं हरवलेली होती, ती १९९५ साली फ्रँकफर्टमध्येच सापडली. म्हणजे हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तोच पन्नाशीतल्या माणसात. "म्हातारपणाचा" हे लेबल नंतर चिकटलं. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सरांनी उतरवून काढलेली ती नोटीस डोळ्यांसमोर येत होती. त्यांना उत्तर लिहायचं होतं हो. काय लिहायचं ते सापडत नव्हतं, म्हणून समोर होतं ते लिहिलं.

पासष्टीच्या आत सुरू झाला तर डॉक्टर याला लवकर सुरू झालेला डिमेन्शिया म्हणतात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असं आपण भाषांतर करतो, पण मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, हा शब्द दिशाभूल करतो. कारण तरुण वयात पहिल्यांदा स्मृतीच जाते असं नाही. कोणाचे शब्द अडखळतात. कोणाला पायरी किती खाली आहे ते कळत नाही, डोळे चांगले असून समोरची वस्तू दिसत नाही. इंग्लंडचे टेरी प्रॅचेट नावाचे लोकप्रिय लेखक होते, त्यांना २००७ साली वयाच्या ५९ व्या वर्षी अशाच प्रकारचा अल्झायमर निघाला आणि त्यांनी तो सगळ्या जगाला सांगून टाकला. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणारा एक प्रकार आहे, त्यात आठवण शाबूत असते, पण स्वभाव बदलतो. भिडस्त माणूस चारचौघांत वाट्टेल ते बोलतो, मायाळू बाप पोराच्या तापाकडे बघत नाही. अशा माणसाला आपल्याकडे काय काय म्हणतात ते सांगायला नको. घरच्यांच्या लक्षात येतो तो स्वभाव, आजार येत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चष्मा विसरला की तुम्ही घाबराल! चष्मा कुठे ठेवला ते मीही रोज विसरतो. नाव आठवत नाही, संध्याकाळी आठवतं, तो वयाचा भाग. घोर लावायचा तो हातचं काम सुटायला लागलं की. जे काम माणूस वीस वर्षं झोपेत करत होता, तेच अडायला लागलं, आणि महिन्यामहिन्याने वाढत गेलं, तर. शिवाय दर वेळी तो डिमेन्शियाच असतो असंही नाही. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं, खरंच डिप्रेशन असलं, दारू असली, तरी माणूस असाच वागू शकतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहे. म्हणून तर तपासणी करायची. अल्झायमर बरा होत नाही, गोळ्यांनी काही काळ थोडा सुसह्य होतो. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. त्याने आजाराचा वेग थोडा कमी होतो, पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल तरच, आणि डोक्याचे वारंवार एमआरआय करावे लागतात. जालन्याच्या माणसाने त्याच्या आशेवर बसू नये. पण लवकर कळलं तर निदान नोटीस तरी येत नाही.

किती लोक असतील असे? मी सरांच्या पद्धतीने हिशोब घातला. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ मध्ये आले. दर शंभरांत सातहून जास्त, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया. पण पाहणीच साठीपासून सुरू होते, मग सर त्यात बसतात कुठे? जगभरच्या अभ्यासांवरून २०२१ मध्ये काढलेला एक अंदाज आहे, की ३० ते ६४ वयाच्या दर एक लाख माणसांत सुमारे ११९ जणांना हा आजार असतो. आपल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या वर होती. त्यातला एक तृतीयांश या वयाचा धरा, म्हणजे साडेसहा लाख. गुणाकार तुम्हीच करा. पावणेआठशेच्या घरात जातो. जगाचा आकडा आपल्याला तंतोतंत लागू पडेल असं नाही, निम्मे धरले तरी चारशे माणसं. शेतात, दुकानात, कारखान्यात, बँकेच्या काउंटरमागे, आणि वर्गात फळ्यासमोर.

मी निवृत्त झालो आणि २००९ मध्ये हिंमत करून सरांच्या घरी गेलो. तोवर जायला तोंड नव्हतं. सर ओट्यावर बसले होते, स्वच्छ दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. मला बघून ताडकन उठून उभे राहिले. "या साहेब, बसा साहेब." त्यांना वाटलं शिक्षणाधिकारी तपासणीला आले! मी म्हणालो, सर, मी. तर म्हणाले, "वर्ग तयार आहे साहेब." मी काय माफी मागणार, आणि कोणाकडे? ज्यांची मागायची त्यांना नोटीस माहीत नव्हती, मीही माहीत नव्हतो.

आत जाऊन वहिनींकडे बोललो. सगळं सांगितलं, मसुदा माझा होता म्हणून. त्या चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नसता लिहिला तर दुसऱ्या कोणी लिहिला असता. पण अक्षर तुमचं आहे हे मी तेव्हाच ओळखलं होतं." पुढे काही बोलल्या नाहीत. चहा दिला, सोबत मोसंबी सोलून दिली. मला ती घशाखाली उतरेना.

त्या बाईने काय काढलं ते लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. सर रात्री उठून शाळेला निघायचे, म्हणून दाराला आतून कुलूप आणि किल्ली कमरेला. पुढे पुढे "तुम्ही कोण, माझी बायको कुठंय" असं त्यांनाच विचारायचे. म्हातारं माणूस असतं तर गल्लीतल्या बायका येऊन बसल्या असत्या, धडधाकट पुरुषाजवळ कोण बसणार? अंगात ताकद पन्नाशीची आणि समज पाच वर्षांच्या पोराची. मुलीचं स्थळ दोनदा मोडलं, घरात वेड आहे म्हणून. वंशपरंपरेने येणारा प्रकार असतो, पण तो फार थोड्या घराण्यांत, पिढ्यान् पिढ्या तरुण वयात दिसत आलेला. सरांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. पण हे सोयरिकीला आलेल्यांना कोण समजावणार? सर २०१२ मध्ये गेले. वय ६१.

२०१६ मध्ये पुण्याला पुतणीकडे होतो तेव्हा तिने 'अस्तु' बघायला नेलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. मोहन आगाशे (ते स्वतः मानसोपचार तज्ज्ञ) त्यात संस्कृतचे मोठे विद्वान झालेत, अल्झायमर झालेले, एका हत्तीमागे निघून जातात. मी मध्यंतरात उठून बाहेर जाऊन बसलो. पुतणीला वाटलं काकांचं बी. पी. वाढलं. पुढे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सीमा देव यांना अल्झायमर असल्याचं त्यांच्या मुलाने, अजिंक्य देव यांनी, जाहीर सांगितलं. आमच्या पिढीला 'जगाच्या पाठीवर' मधली ती आंधळी मुलगी विसरणं शक्य नाही. त्या तेव्हा ऐंशीच्या आसपास होत्या, २०२३ मध्ये गेल्या. त्या दिवशी वहिनींचा फोन आला होता. "बघितलं का भाऊजी, त्यांनी उघड सांगितलं. मी आठ वर्षं सांगत होते ह्यांना बी. पी. आहे म्हणून."

वकिली करणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा सहज एक गोष्ट सांगितली आणि जुनी जखम पुन्हा उघडी केली. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेलाही, माणसाला काढता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, ते नसेल तर जादा पद धरून निवृत्तीपर्यंत ठेवायचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे कलम २० आहे. मी म्हटलं, सरांच्या वेळी नव्हतं ना? तर म्हणाला, होतं मामा, १९९५ च्या कायद्यात, कलम ४७. म्हणजे नोटीस लिहिताना कलम माझ्या हाताशी होतं! डिमेन्शिया हा शब्द कायद्याच्या यादीत नाही. पार्किन्सन आहे, हा नाही. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा बिघाड आहे, तेव्हा प्रमाणपत्र मिळवून भांडता येतं. आम्ही कोणी भांडलो नाही. चार वर्षांची सेवा आणि आयुष्यभराची पेन्शन.

आता हा कागद माझ्याकडे कसा आला ते सांगतो. माझा एक विद्यार्थी केंद्रप्रमुख आहे. २१ सप्टेंबरला अल्झायमर दिन असतो, म्हणून त्याने सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेत मला दहा मिनिटं बोलायला बोलावलं. मी वहिनींकडे जाऊन ती नोटीस मागितली. त्यांनी ती ट्रंकेत, सरांच्या बी. एड. च्या सर्टिफिकेटखाली ठेवली होती. म्हणाल्या, "वाचा. नाव नका सांगू." मी ती चाळीस शिक्षकांसमोर उभं राहून मोठ्याने वाचली. शेवटी सांगितलं, मसुदा माझा. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

चहाच्या वेळी एक तरुण बाई मागे मागे आल्या. नवरा ४६ वर्षांचा, एका पतसंस्थेत कॅशियर. सहा महिन्यांपासून कॅश जुळत नाही, दोनदा घरातले पैसे भरले. लोक म्हणतात सट्टा लावतो. बाईंनी कपाट, खिसे, मोबाइल सगळं धुंडाळलं, काही सापडलं नाही. परवा त्याने गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं. बोलताना त्या इकडेतिकडे बघत होत्या, कोणी ऐकतंय का. मी डॉक्टर नाही बाई, म्हटलं, पण जुळत नसलेली कॅश मी एकदा बघितलीय. एका चिठ्ठीवर लिहून दिलं. बी-१२, थायरॉइड, साखर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग. मग मेंदूचे डॉक्टर. आणि १४४१६, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. तो राजीनामा लिहून देतोय म्हणाल्या. तपासणी होईपर्यंत कुठल्याच कागदावर सही करू देऊ नका, एवढं मात्र मी तीनदा सांगितलं. कलम २० पतसंस्थेला लागत नाही हे मला माहीत होतं, ते सांगितलं नाही. भाच्याला विचारून ठेवलंय, तिथे दुसरं काय करता येईल.

त्यांनी चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली आणि नंबर दिला. गुरुवारी मी फोन केला, उचलला नाही. शनिवारीही नाही. आज रविवार आहे, शाळेला सुट्टी. दुपारी चारनंतर पुन्हा लावून बघतो.